नाउन, व्हर्ब आणि सतराचा पट

९ फेब्रुवारी
आज परत त्या इंग्रजी शाळेची पिवळी स्कूलबस आमच्या फाटकासमोरून गेली. हॉर्न मुद्दाम वाजवतो मेला. सगळी पोरं खिडकीला. शेंद्रा एमआयडीसीजवळची ही आमची झेडपीची शाळा, चौथीपर्यंत. खोल्या दोन, शिक्षक दोन, हेडसर आणि मी. पट चोवीस. जूनला चौथीची सात बाहेर पडणार. हेडसर म्हणाले, "मॅडम, वीसच्या खाली गेलो की संपलं. शाळा बंद. पोरं हायवेपलीकडं." पहिलीची पोरं तो हायवे ओलांडणार? ट्रक बघितलेत का कुणी तिथले?
पालकांना इंग्रजी पाहिजे. मग देऊ इंग्रजी. कोण देणार? मीच, दुसरं आहे कोण! कन्नड तालुक्यात पाचवीला एबीसीडी शिकलेली बाई मी.

१२ फेब्रु.
नाउन घेतला. व्यक्ती, वस्तू, ठिकाण यांचं नाव. म्हटलं, घरातल्या पाच वस्तू सांगा, मी इंग्रजी सांगते. एक म्हणाला हंडा, ड्रम, कॅन, घागर, नळी. दुसरीला विचारलं. बादली, टाकी, ड्रम, मोठा ड्रम. अरे, खाट, कपाट काही आहे की नाही घरात! घागरीला मी पॉट सांगितलं. हंड्यालाही पॉट. कळशी आली तेव्हा विषय बदलला.

१३ फेब्रु.
व्हर्ब लिहिले. रन, फिल, कॅरी. तेवढ्यात टँकर आला आणि वर्ग रिकामा. मी आणि पहिलीतले दोघं उरलो. फळा पुसला नाही, उद्या तेच.
घरी, शहरात मुकुंदवाडीला, आठ दिवसांनी नळ येतो, आज आठवा दिवस. पाणी नाही आलं. ह्यांच्यावर उगाच ओरडले.

२० फेब्रु.
डोक्यात आलं ते असं: पालक मेळावा. आठ पोरं, आठ पार्ट्स ऑफ स्पीच. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, प्रत्येकानं आपली व्याख्या इंग्रजीत म्हणायची. हेडसर खूश. मी पुठ्ठे कापून कापून बोट कापून घेतलं.
छोट्या समाधानला इंटरजेक्शन दिलं. हुर्रे आणि अलास. अलास म्हणजे अरेरे. मधल्या सुट्टीत हापशाला पाणी येईना, तर सगळी "अलास, अलास" ओरडत होती. वापर तरी बरोबर केला.

२४ फेब्रु.
घ्या! गावात पोरांना पाट्यांच्या नावानंच हाका सुरू. "ए व्हर्ब, दळण आण." इथवर ठीक. पण आज आरतीचे वडील भाऊसाहेब शाळेत आले. कंपनीत कंत्राटी कामाला आहेत, कुणी रजेवर गेलं की त्याच्या जागी. शेताचं निम्मं प्लॉटिंगमध्ये गेलं, उरलेल्यात यंदा काही उगवलंच नाही. आरती तिसरीत, माझी सर्वात हुशार पोरगी, म्हणून तिला प्रोनाउन दिलेलं. त्याची व्याख्या लांब आहे.
"मॅडम, प्रोनाउन म्हंजे नावाच्या बदली येतं ते, व्हय?"
"हो."
"मी कंपनीत बदलीवर. आता पोरगीबी बदलीवरच का? सरपंचाच्या नातवाला नाउन, आन् आमच्याला हे?"
समजावलं. समजावताना मलाच हसू आलं, ते त्यांनी बघितलं. चुकलंच माझं. शेवटी पाट्या बदलल्या. आरती रडली, तिचं सगळं पाठ झालं होतं.

१ मार्च
मेळावा झाला. पोरांनी कमाल केली. एक सोडला तर कुणी अडखळलं नाही. आरतीनं दोन दिवसांत नाउन पाठ केलं, वर प्रोनाउनवाला विसरला तेव्हा त्यालाही सांगितलं. टाळ्या. हेडसरांचे डोळे ओले. मी म्हटलं, जिंकलो आपण.
मग भाऊसाहेब उभे राहिले. आवाज अजिबात चढवला नाही. "लई छान झालं. एकच विचारतो, राग मानू नका. मॅडम, तुमची पोरगी कोणत्या शाळंत हाय?"
सगळे माझ्याकडं.
सई दुसरीत, शहरात इंग्रजी शाळेत आहे. केजीपासून. सांगितलं. काय सांगणार दुसरं? एक आजी नुसती मान हलवत राहिली. चहा झाला, सगळे गेले.

२ मार्च
काल पुढं लिहवलं नाही.
अठरा वर्षं शिकवतेय. माझ्या पोरांना मी मनापासून शिकवते, देवाशपथ. पण माझ्याच शाळेवर माझा भरवसा नाही, हे भाऊसाहेबांनी सगळ्यांदेखत दाखवून दिलं. खोटं बोलले ते? नाही ना. मग कुणावर चिडू!

२२ एप्रिल
सुट्टी, पण दुष्काळ म्हणून खिचडी चालू. पोरं जेवायला येतात, जेवून जातात. शिकायला थांबा म्हटलं तर ऊन. विहिरीत तळाचे दगड दिसतात.
आज पाच दाखले गेले. त्यातले दोन भाऊसाहेबांचे, आरती आणि धाकटा. पाचही पिवळ्या बसच्या शाळेत. आरती खिचडीचं ताट घेऊन उभी होती. "मॅडम, मी आता येऊ का जेवायला?" ये म्हटलं. दाखला गेल्यावर कशी येणार? तरी म्हटलं.

१६ जून
शाळा उघडली. पाऊस नाही. चोवीसमधले सात गेले चौथीचे, पाच दाखल्याचे. नवीन पाच आले. हेडसरांनी तीनदा मोजलं. सतरा. सतराच.

१८ जून
घरोघरी फिरले. शेवटी भाऊसाहेबांकडं. पाणी दिलं त्यांनी, अर्धा ग्लास, मी अर्धाच प्यायले.
म्हणाले, "तुमची पोरगी आणा तुमच्या शाळंत. माझी दोन्ही परत आणतो. त्याच दिवशी."
सतरा, सई आणि ही दोन. वीस.
ह्यांना सांगितलं. "येडी झालीस का? तुझ्या शाळेपायी पोरीचं नुकसान करू?" मला म्हणायचं होतं, नुकसान कसलं, मी शिकवते ना तिथं. तोंडातून निघालंच नाही.

१९ जून
सईला विचारलं, सहज विचारल्यासारखं. "येशील का माझ्या शाळेत?"
"तिथं इंग्लिश कोण शिकवतं?"
"मी."
ती हसली. खोडकर नाही, प्रेमानंच. "मम्मी, पण तुला येत नाही ना."
मी भाजीत पाणी जास्त घातलं.

२० जून
उद्या अकराला पटाचा आकडा वर कळवायचाय. हेडसरांचे दोन फोन, उचलले नाहीत. तिसरा उचलला. त्यांनी काही मागितलं नाही, फक्त म्हणाले, "मॅडम, माझी रिटायरमेंटला अजून चार वर्षं आहेत. मला कुठंही पाठवतील. पोरांचं बघा."
कुणाचं पोर पणाला लावू, माझं की त्यांचं? सई झोपायच्या आधी विचारून गेली, उद्या डब्याला काय. पोळी-भाजी म्हटलं.
तिच्या शाळेची व्हॅन आठला येते. माझी शेंद्र्याकडची जीप सव्वाआठला.