जांभईपुरता हात

४ फेब्रुवारी
कुठेतरी पाणी मुरतंय! अर्धांगाचा झटका आल्यापासून ह्यांचा उजवा हात नुसता लोळागोळा होऊन पडलेला. आणि आता? मूठ अशी आवळलेली की धुण्यासाठी एकेक बोट उलगडताना मला घाम फुटला. मेलेल्या हातात एवढा जोर येतो कुठून?

५ फेब्रुवारी
भाऊ म्हणाला, "ताई, इस्त्री उचलायला नको म्हणून सोंग आहे सगळं." कामाचा कंटाळा ह्यांना पहिल्यापासूनच, खोटं कशाला लिहू! पण इस्त्रीचं दुकान आता माझ्या एकटीच्या जिवावर. खांदे भरून येतात. सोंग निघालं तर ह्या माणसाशी जन्मात बोलणार नाही.

९ फेब्रुवारी
फुटलं भांडं! दुपारी कपड्यांच्या ढिगाआडून बघत होते. ह्यांना भलीमोठी जांभई आली — आणि उजवा हात वर! पार छातीपर्यंत. जांभई संपली, हात खाली. मी पुढे झाले. "उचला बघू पुन्हा!" तर म्हणे, "मी नाही उचलला." मग काय शेजाऱ्याने उचलला?

१० फेब्रुवारी
आज शर्टाची बटणं लावून दिली नाहीत. "हात आहे ना? लावा की!" दिवसभर दुकानात तसेच बसून राहिले, उघड्या शर्टाने, गिऱ्हाइकांसमोर.

१२ फेब्रुवारी
आता नवीनच खूळ. आ वासून बसतात. जबडा ताणायचा, मिटायचा, परत ताणायचा. हात ढिम्म. मला खिजवतात की काय!

१३ फेब्रुवारी
ह्यांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "काकू, मेंदूकडून हाताकडे येणारी वाट तुटलीय. 'उचल' पोचत नाही, तसं 'सैल सोड'ही पोचत नाही. म्हणून स्नायू आवळून बसतात. जांभईचा हुकूम दुसऱ्याच वाटेने उतरतो. पण ती आपसूक यायला हवी, मुद्दाम आणलेली चालत नाही."
मान डोलावली. पटलं नाही. शिकलेल्या माणसाने सांगितलं की काहीही खपतं.

१५ फेब्रुवारी
शेवटी विचारलंच — आ वासून काय बसता हो?
"जांभई आली की उठतो ना हात," म्हणाले. "एकदा तरी तुझ्यासमोर उठू दे म्हटलं. तू म्हणालीस ना, उचला."
बटणं लावायला वाकले, तर मलाच जांभई आली. मला बघून ह्यांनाही. हात वर आला, माझ्या खांद्याला टेकला. जांभई संपेपर्यंत मी हलले नाही.