ब्रेकची लाल बत्ती

लष्कर, रविवार, २८ ऑक्टोबर १९५६

वसंताची कचेरी भोपाळला हलतेय. मोटारसायकलवरून आज पहाटेच निघायचा होता तो, पण ब्रेक दाबूनही मागची लाल बत्ती लागेना, म्हणून थांबला. दिवसभर अंगणात बसून त्याने ब्रेकचा स्विच उघडला, घासला, स्प्रिंग बदलली. दिवेलागणीला मला मागे उभं केलं आणि पेडल दाबलं. इथल्या हिंदीत वाढलेला पोरगा, घरातही मधेच हिंदी बोलतो.

"बाबा, बत्ती जली क्या?"

लख्ख लागली होती. मी म्हटलं, "नाही रे."

का म्हणालो असं? अजून एक दिवस राहिला असता, एवढंच. ही गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याने बिचाऱ्याने स्विच पुन्हा खोलला. मी पुन्हा "नाही". उभी हयात दरबारच्या चाकरीत काढली, कधी खोटं बोललो नाही, आणि आज पोटच्या पोराशी...

तिसऱ्यांदा पेडल दाबून त्याने मान वळवली. माझं पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत लाल दिसत होतं. त्याने ते पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच पुन्हा तेच विचारलं, "बत्ती जली क्या, बाबा?"

"लागली," म्हणालो.

पहाटे गल्लीच्या वळणावर एकदा लागेल ती. मग मला विचारणारं कोणी नाही.