जावयाचे मासे आणि धोंड्याचे अनारसे

सुभानपुरा, बडोदे
१८ जून २००७

तीर्थस्वरूप बळवंतराव यांस,
गोविंदाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या कागदावरच घालतो आहे, गोड मानून घ्यावा).

इकडील सर्व क्षेम. आपली साखर कशी आहे? नाशिकला पाऊस आला का? आपल्या भगिनी वत्सला ठणठणीत आहेत, मीही बरा आहे. पण या घरात सध्या आमच्या तब्येतीला विचारतो कोण! मस्कतहून फोन आला की अवंती (आमची सख्खी मुलगी!) आधी मासे कसे आहेत म्हणते, मग आई, आणि वेळ उरला तर मी.

आमचे जावई आशयराव नोकरीसाठी मस्कतला गेले, तेव्हा त्यांनी तरसालीचा फ्लॅट भाड्याने दिला आणि त्यांची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी आमच्या हॉलमध्ये आणून ठेवली, हे आपल्याला ठाऊक आहेच. ही साधी काचपेटी नव्हे हो. आत जिवंत प्रवाळ आहेत, आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी मासे, एकमेकांशिवाय घटकाभर न राहणारे. आता बडोद्याला समुद्र कुठला? तो घरीच करावा लागतो. गाळलेल्या पाण्यात खास मीठ कालवायचे आणि खारटपणा यंत्राने मोजायचा. (वत्सलेने पहिल्याच दिवशी बोट बुडवून चाखले आणि जरा जास्त झालंय, असा निकाल दिला.) मी उभा जन्म रिफायनरीत पाणी शुद्ध करण्यात घालवला, म्हणूनच आशयरावांनी विश्वासाने पेटी माझ्या हाती दिली.

आणि गेल्या महिन्यात, बळवंतराव, शेवाळ आले! आले कसले, घुसलेच! आधी दगडांवर हिरवी लव, मग केस, मग चांगली वीतभर दाढी. वरच्या मजल्यावरचे उदयसिंहराव (घराणे सरदारांचे, सल्ला कायम फुकट) ते पाहून खूश झाले. 'गोविंदराव, मस्त बगीचो थयो हं!' म्हणाले. आशयरावांनी मात्र फोनवर सांगितले की हे शेवाळ प्रवाळांचा गळा दाबते. गणपतीत येतो, तोवर गेले नाही तर पेटी सुरतेच्या मित्राला देऊन टाकतो, तुम्हाला उगाच त्रास नको. त्रास! अहो, रिटायर झाल्यापासून मला सकाळी उठावेसे वाटते ते या दोन माशांमुळे. पेटी गेली तर त्या भिंतीकडे बघत मी काय करू?

तेव्हा कंबर कसली. रिफायनरीत असे शेवाळ मी क्लोरिन सोडून चुटकीसरशी मारत असे, पण इथे क्लोरिनने आधी मासेच जातील. मग दातांच्या ब्रशने दगड घासले. (वत्सलेने दुसऱ्या दिवशी मला नवा ब्रश आणून दिला; जुना नक्की कोणाचा होता, हे आम्ही दोघांनीही विचारले नाही.) दिव्याचे तास कमी केले. फतेगंजच्या दुकानदाराला सांगून मुंबईहून शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या. काय चरतात हो! एक दगड तर असा लख्ख केला की मी टाळ्या वाजवल्या. फक्त एक खोड आहे, उलट्या पडल्या की त्यांना सुलटे होता येत नाही. म्हणून चहाआधी बाह्या सरसावून मी त्यांना एकेकीला उठवून बसवतो. पण इकडे चरून होते न होते, तोच तिकडे दुप्पट उगवे! पाण्यात खाद्य सडल्याखेरीज शेवाळ इतके पोसत नाही, हे माझे शास्त्र सांगत होते. आणि मी तर माशांना चिमूटभरच घालत होतो. वर पाण्यावर रोज तेलकट तवंग! मी पंपाला दोष देत तो पुन्हा पुन्हा उघडला.

अशात एका सकाळी काय पाहतो, केशरी माशांच्या जागेपाशी शेवाळात सोनेरी बारीक दाणे अडकलेले! अंडी, बळवंतराव, अंडी! मस्कतला फोन लावून मी इतक्या जोरात ओरडलो की फोन नसता तरी त्यांना ऐकू गेले असते. उदयसिंहरावांकडे पेढे पाठवले. त्यांच्या नातीने, यशश्रीने, फोटो काढून अवंतीला ईमेल केला. संध्याकाळी अवंतीचा फोन आला. हसू आवरेपर्यंत तिला बोलताच येईना. म्हणाली, बाबा, ती खसखस आहे, आईला विचारा.

विचारले. तर त्याचे असे, नुकताच धोंड्याचा महिना झाला ना? धोंड्यात जावयाला अनारसे द्यायचे. जावई मस्कतला, पार्सलात अनारशाचा भुगा होणार. मग त्यांचे म्हणून या घरात आहे काय? मासे! तेव्हा आपल्या भगिनी महिनाभर, मी दुपारी लवंडलो की, अनारशाचा तुकडा कुस्करून पेटीत सोडत होत्या. तुपातला! जावयाचा मान माशांनी घेतला आणि बाळसे शेवाळाला आले. वर तिचे म्हणणे काय, तर तोंड उघडून समोर येणाऱ्याला नको कसं म्हणायचं?

असो. महिना सरला, अनारसे सरले, काच पुन्हा आरपार दिसू लागली आहे. विजय दूर नाही! वहिनींना नमस्कार.

आपला,
गोविंद

ता. क. : खरे काम राहिलेच. गणपतीपर्यंत वत्सलेला माहेरपणाला बोलावून घ्या. आता श्रावण येईल, पुरणपोळ्या होतील. मला धास्ती वाटते. हे मी सुचवले असे कळू देऊ नका.

ता. क. २ : दादा, पाकिटाला डिंक लावायला पत्र माझ्याच हाती दिलंय. अनारसे मी घातले, कबूल. पण हे रोज सकाळी चहाबरोबर अर्धी खारी माशांना घालतात, दिवाळीपासून! ती कुठेच लिहिलेली नाही. न्यायचं तर यांनाच ने. अवंती गेल्यापासून आग्रह करून वाढावं असं घरात उरलंय कोण? यांना डॉक्टरांनी सगळं बंद केलंय. मासे तेवढे कधी पुरे म्हणत नाहीत. — वत्सला

ता. क. ३ : खारीचे खरे आहे. पण मासे सोडून मी येणार नाही, आणि तीही नाही म्हणते. तेव्हा बळवंतराव, आपणच या. पाहुण्याला दुसरी पोळी न विचारणारा माणूस आपल्या नात्यात आपण एकटेच. गणपतीपर्यंत पेटीसमोर खुर्ची टाकून बसा आणि आम्हा दोघांवर नजर ठेवा. येताना नाशिकचा चिवडा मात्र अजिबात आणू नका.

(थोडा आणा. आमच्यापुरता.)