पुकुरे ओनेक मोशा

१२ मार्च १९७२, रविवार. डमडम.
बदली होऊन चारच महिने झाले, पण बंगाली आली. युक्ती सोपी आहे. मराठीच बोलायची, तोंड गोल करून. जल म्हणजे जोल, मन म्हणजे मोन, मासा म्हणजे मोशा.
आज डासांच्या फवारणीवर कॉलनीची मीटिंग. सगळे 'मोशा, मोशा' करत होते. डासांच्या मीटिंगमध्येही यांना मासेच! पण भावना रास्त आहे. मासे डासांच्या अळ्या खातात, शिवाय आमची लीना रोज त्यांना मुरमुरे घालते. निश्चय: कॉलनीच्या तळ्याला औषधाचा थेंब लागू द्यायचा नाही. देखरेख मीच मागून घेतली.

१४ मार्च
प्लॅन तयार. फक्त गटारात फवारणी, तीही वारा पाहून, चिमण्यांची घरटी टाळून. लीना म्हणाली, फवारणीच्या मुकादमाला मी सांगते. नऊ वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये, असं सुनावलं.

१५ मार्च, सकाळी ७
मुकादमाला घाटावर नेलं, तळ्याकडे बोट दाखवून बजावलं: 'पुकुरे ओनेक मोशा!' पुकुर म्हणजे तळं, ओनेक म्हणजे अनेक. दोनदा सांगितलं. तो म्हणाला, काळजीच सोडा. निर्धास्त ऑफिसला.

१६ मार्च
तळं पांढरं दिसतंय. मासे पोटं वर करून तरंगताहेत. ऊन खात असावेत. लीना रडत रडत शाळेत गेली.
संध्याकाळी एकही मासा नाही. कोणीतरी टोपल्या भरून हलवले म्हणे. भली माणसं.

१७ मार्च
घाटाच्या पायरीवर खंड्या मरून पडलेला. वय झालं असेल. बगळे आले नाहीत, बेडूक गप्प. ही शांतता मला आवडत नाही. डास मात्र आहेत तसेच.

१८ मार्च, शनिवार
दारावर रोहू आला, अगदी स्वस्त. बायकोचा, उज्ज्वलाचा, शनिवारचा उपास. लीना खाईना. हे आपले नव्हेत, बजबज गावाकडचे, नदीतले, असं समजावलं. शेवटी माझ्यासाठी तिने एक तुकडा खाल्ला. मी चार.
दुपारी ३. माशाचं डोकं खाल्लेलं मांजर जिन्यात लाळ गाळत पडलं आहे. उकाडा फार.

१९ मार्च, सकाळी
लीना ओकते आहे. हात थरथरताहेत. परीक्षेची धास्ती म्हणालो, उज्ज्वलाला पटलं नाही.
शेजारचे घोषालबाबू आले. विचारू लागले, तळ्यात खूप डास आहेत असं मुकादमाला का सांगितलंत? त्याने औषधाचं सगळं पिंप तळ्यात ओतलं. मोशा म्हणजे डास. माशाला माछ म्हणतात.
टोपल्या कुठे गेल्या, तेही आता कळलं. मला भीती वाटते. माझंही अक्षर बिघडलंय.
लीनाने हळूच विचारलं, बाबा, ते नदीतलेच होते ना? हो म्हणालो.
टॅक्सी आली. डॉक्टर लीनासमोरच पहिलं विचारतील, काय खाल्लं, कुठलं खाल्लं. त्यांना इंग्रजी येतं. लीनालाही येतं.