रोमनांनंतर

बेटावरून,
१४ मार्च १९५०

लाडक्या रिनिओ,

मी बरी आहे, तुम्ही दोघीही बऱ्या असाल अशी आशा करते. थंडी ओसरली. वाऱ्याने तंबूच्या दोऱ्या पुन्हा सैल झाल्या, पुन्हा बांधल्या. तू पाठवलेले सुके अंजीर पोचले. पहाऱ्यावरच्यांनी आधी चाखले, उरलेलेही गोड होते.

माझ्या आन्थूलाला सांग, तिचा प्रश्न मिळाला. आपल्या इतिहासातली युगं तिला ओळीने लागत नाहीत. लिही म्हणावं: आधी जुनी नगरराज्यं, अथेन्स नि स्पार्टा. मग मॅसिडोनियाचे राजे. मग रोमन. मग बायझंटाइन सम्राट, हजारेक वर्षं. मग तुर्क, चारशे. मग आपलं बंड आणि बाहेरून आणलेले राजे. मग जर्मन. परीक्षेला एवढं पुरे. जर्मनांनंतरचं, आपलं आपसातलं युद्ध, कोणी विचारत नाही.

इथे संध्याकाळी मी बायकांना हेच शिकवत होते. रोमनांपर्यंत पोचलो होतो. आमच्या तंबूत स्तामाता आजी आहे. मुलगा डोंगरात सरकारविरुद्ध लढायला गेला म्हणून तिला इथे आणलं. अक्षर ओळखत नाही, पण प्रत्येक धड्यानंतर विचारते, "म्हणजे हेही गेले ना, मास्तरीणबाई? मग आपला शिट्टीवाला हवालदारच तेवढा कायमचा का?" सगळ्या हसायच्या.

शाळेत चारशे वर्षांचे तुर्क मी घंटा व्हायच्या आत घालवत असे. आत राहून बघितलं की कळतं, एक दुपारसुद्धा अशी हलत नाही.

मागच्या पत्रात तू लिहिलंस, आन्थूला आता तुला आई म्हणते. सहज लिहिलंस. मी ते वाचलं, घडी घातली आणि पावाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

या पत्रावर कुठे काळं फासलेलं दिसणार नाही. आता माझी पत्रं उघडत नाहीत. माझ्यावर त्यांची मर्जी आहे.

गुरुवारी मी सही केली, रिनिओ. कागदात काय असतं ते तुला ठाऊक आहे. लांब्रोस देशद्रोही, मी त्याची बायको नाही, त्याच्या विचारांशी माझा संबंध नाही. सीमेपलीकडे तो जिवंत आहे की नाही, तेही मला माहीत नाही. अधिकाऱ्याने खुर्ची दिली. "कॉफी घ्या," म्हणाला. तिच्यात साखर होती. मी प्याले.

परतले तर माझं अंथरूण दाराशी सरकवलेलं. सही केलेलीशी इथे कोणी बोलत नाही. गेल्या वर्षी मीही एकीशी बोलले नव्हते.

काल धुणं धुताना स्तामाता आजी माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाली, "रोमनांपर्यंत आणून सोडलंस. पुढचं कोण सांगणार, हवालदार?"

"माझ्याकडून ऐकाल?"

"कान आहेत, ऐकीन. बघणार नाही तुझ्याकडे."

मग त्या पाठमोऱ्या बायकांना मी बायझंटाइन सांगितले, तुर्क सांगितले. सांगता सांगता वाटलं, पुस्तकात नावं असतात ती न वाकलेल्यांची. ज्या बायका कुणाकुणाची कॉफी पिऊन घरी गेल्या आणि पोरांना आपल्या भाषेत जेवायला हाक मारत राहिल्या, त्या कुठल्या पानावर? की ही मी स्वतःचीच समजूत घालते आहे?

आजीने चादर पिळली. "धडा चांगला होता," म्हणाली. "तू नाहीस."

येत्या रविवारी प्रार्थना संपली की पाद्री तो कागद गावासमोर वाचतील. त्याशिवाय मला सोडणार नाहीत. त्या दिवशी आन्थूलाला डोंगरावर भाजी खुडायला ने, असं लिहायला बसले होते. नको. तिला चर्चमध्ये घेऊन जा, पुढे उभी कर, हात सोडू नकोस. आधी ती बाबांचं नाव ऐकेल, मग माझं. आई असं का म्हणाली, असं तिने विचारलं, तर म्हण, बोटीने येते आहे, तिलाच विचार. आणि तिने काही विचारलंच नाही, तर तिला तुलाच आई म्हणू दे.

खाली आडनाव लिहिणार होते. हात थांबला. लांब्रोसचं मी परत करून टाकलं आहे.

तुझी, नुसतीच,
पोलिक्सेनी