हलू नकोस, आई

सोम. ता. १८
सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी. ऑस्ट्रेलियातल्या टेस्टचा पाचवा दिवस. आपले आठ गेले, तेवढ्यात आई तांदूळ निवडायला उंबऱ्यात येऊन बसली आणि विकेट पडायच्या थांबल्या. म्हटलं, आता हलू नकोस. मॅच रंगात आली की कुणी जागा सोडायची नाही, हा आमचा लहानपणापासूनचा नियम.

दोन तास बसली. मधे दोनदा विचारलं, "उठू काय रे?" मी टीव्हीवरून नजर न काढता, "थोड्याच ओव्हर राहिल्यात, बस." चाळीचा संडास पार टोकाला. तिचे गुडघे असे, त्यांच्या औषधासाठीच तर पोलादपूरहून माझ्या खोलीवर बिरवाडीला आली आहे.

मॅच ड्रॉ. मी उड्या मारल्या. ती उठेना. लुगडं ओलं, फरशी ओली. "तांब्या कलंडला," म्हणाली. तांब्या आत ओट्यावर होता.

फडकं मला दिलं नाही. स्वतःच पुसलं, बसून बसून.

मंगळ. १९
काल हे झाल्यावर तासाभरात कंपनीच्या बसमध्ये मीच फुशारकी मारली. आईने मॅच वाचवली, दोन तास जागची हलली नाही म्हणून. पुढचं गाळलं. सगळे हसले. मीपण. आज आरशात बघून दाढी करवेना.

शुक्र. २२
प्लांटमधला यासीनभाई दासगावहून खजूर घेऊन आला, खास आईसाठी. "चाची, तुमी बसलात म्हनून मॅच वाचली. पुढच्या टेस्टला पन तिथंच बसायचं हां." आई हसली. पदर सारखा करत राहिली.

तो गेल्यावर हळूच, "समदं सांगितलंस काय रे त्यांना?"
"नाय गो आय."
खजुराची पिशवी अजून तशीच बांधलेली.

सोम. २५
महाडला डॉक्टरांकडे. जाताना रिक्षात बोलणार होतो. येताना बोलू म्हटलं. येताना ती गावच्या वालांबद्दल सांगत बसली, यंदा शेंगा बऱ्या धरल्यात म्हणे.
"चुकलो" एवढाच तर शब्द. प्लांटमध्ये साहेबाला दिवसातून चारदा म्हणतो.

शुक्र. २९
आज पुढची टेस्ट. पहाटे जाग आली तर आई आंघोळ करून उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप.

"एवढ्या लवकर?"
"आज हाय ना तुझी मॅच. लाव तू टीवी. काय काळजी नाय, काल सांजपासनं मी पानीच नाय प्याले."

टीव्ही लावला नाही. तांब्या भरून तिच्यापुढे ठेवला आणि खाली बसलो. ती तांब्याकडे बघते, मग बंद टीव्हीकडे. "टॉस झाला असंल रे," म्हणते.

अजून प्यायलेली नाही.