निळ्या पाण्यात न बुडवलेली चाळणी

प्रिय दादा,

काल वहिनीनं तुझी सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडची पेटी माझ्याकडं जळोचीला पाठवून दिली. "तुम्ही विज्ञान शिकवता, शाळेत ठेवा," म्हणाली. तुझं वर्षश्राद्ध होऊन चारच दिवस झालेत आणि ही घर रिकामं करायला लागली, म्हणून मला आधी तिचाच संशय आला. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण पेटी उघडली आणि संशय माझ्यावरच उलटला, म्हणून लिहितेय.

तू समुद्राच्या संशोधन संस्थेत होतास तेव्हा बी.एस्सी.च्या सुट्टीत मी तुझ्याकडं किनाऱ्यावर राहायला आले होते, आठवतं? समुद्रतळाचा गाळ तू चाळणीत धुवायचास आणि उरलेले वाळूच्या कणाएवढे शिंपले भिंगाखाली वेचायचास. काही कोमट पाण्यातल्या जिवांचे, काही गार पाण्यातल्या. जीव मेला की शिंपला तळाला जातो, पण वाटेत प्रवाह त्याला कुठल्या कुठं नेतो.

हे तू आबांना इंदापूरच्या रानात, कॅनॉलच्या कडेला बसून समजावलं होतंस. आबा म्हणाले, "म्हंजी वरच्या रानातलं गाजरगवत कॅनॉलनं आपल्यात येतं, तसंच की. पर त्ये पाण्यानं आणलं, का कुणाच्या पायाला चिकटून आलं, ह्ये तुला कसं कळतं रं?" संशयी घराणंच आपलं.

त्यासाठीच तर ती निळी बादली होती. एक गाळ धुतला की चाळणी निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायची. जाळीत एखादा शिंपला अडकला असेल तर तो निळा होतो आणि पुढच्या गाळात मिसळला तरी ओळखू येतो. तू मला शंभरदा बजावलं होतंस.

आणि एक दिवस, कोमट पाण्यातल्या शिंपल्यांचा गाळ धुतल्यावर, मी नाही बुडवली. आईचा फोन आला होता, रविवारी बारामतीला मला बघायला येणार होते. हातमोज्यांतूनही तो रंग झिरपायचा. निळ्या बोटांनी पोह्यांच्या बशा कशा देऊ? चाळणी नळाखाली धरली, दोनदा आपटली, झालं. संध्याकाळी तुला "बुडवली" म्हणून सांगितलं. ते स्थळ जमलं नाही ते नाहीच.

त्यानंतरच्या गाळात तुला कोमट पाण्यातले शिंपले सापडले, तेही जिथं फक्त गार पाण्यातले असायला हवे होते तिथं. केवढा हरखला होतास तू. कोमट प्रवाह कधीकाळी इथवर येत होता, असं तू लिहिलंस आणि वर्षभरात स्वतःच मागं घेतलंस. लोक कुजबुजले. आणि मी? मोरगावच्या गणपतीहून परतताना एसटीत तोंडावर विचारलं, "खरं सांग दादा, तूच मिसळलेस ना?" तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "चूक झाली, सोड." तू पुढं काही सांगत नाहीस म्हणजे लपवतोयस, असं मी ठरवून टाकलं. चाळणी मला तेव्हा आठवलीसुद्धा नाही. स्वतःवर संशय घ्यायची सवय कुठं होती मला?

काल त्या गाळाची स्लाइड शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एकही शिंपला निळा नाही. स्लाइडच्या मागं तुझ्या अक्षरात एक ओळ आहे, "चाळणी मी धुतली, रंग द्यायचा राहिला."

तू त्या दिवशी तिथं नव्हतासच, दादा. दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडं गेला होतास. कसं कळलं तुला? माझी निळी न झालेली बोटं बघितलीस का?

ओरडायचं होतंस ना माझ्यावर. दोन दिवस रडले असते, एवढंच. त्याऐवजी तू आयुष्यभर लबाड ठरलास, आणि ठरवणाऱ्यांत मीही होते. मला याची फार लाज वाटते. त्याहून वाईट म्हणजे ते शिंपले समुद्रानं आणले की माझ्या चाळणीनं, हे त्या स्लाइडवरून आता कुणालाच सांगता येणार नाही.

पण प्रत्येक गाळाचा अर्धा भाग न धुता ठेवून देतात, असं तूच सांगितलं होतंस. तुझ्या जागेवर आता जी मुलगी काम करते तिला मी माझ्या नावानिशी लिहीन, की चाळणी त्यानं नाही, मी धुतली होती, तो गाळ पुन्हा धुवा. वहिनीलाही आजच सांगेन. कोमट पाण्यातले शिंपले निघाले नाहीत तर चूक माझी, हे सगळ्यांना कळू दे. आणि निघाले, तर तू खरा होतास आणि मला वाचवायला तू स्वतःचा खरा शोध खोटा ठरवलास. मला त्याचीच भीती वाटते. तरी मी धुवायला सांगणार आहे.

तुझी,
शकू